सभ्यपणाचे बळी

गैरसमज व्हायला दोन्ही माणसं सभ्य असावी लागतात. उद्धट माणसांचे गैरसमज होत नाहीत. त्यांचं एकमेकांबद्दलचं मत पहिल्या मिनिटाला ठरतं आणि ते सहसा बरोबर निघतं. पुणे स्टेशनबाहेर रात्री अकरा वाजता रिक्षावाला आणि गिऱ्हाईक यांच्यात जे काही होतं त्याला भांडण म्हणा, गैरसमज म्हणू नका. दोघांनाही समोरच्याचा हेतू लख्ख कळलेला असतो. घोटाळा होतो तो एकजण आपल्या आईने लावलेल्या वळणाने वागतो, दुसरा आपल्या आईने लावलेल्या वळणाने वागतो आणि त्या दोन आयांची जन्मात कधी गाठ पडलेली नसते तेव्हा.

मराठी आया आणि जर्मन आया यांची गाठ घालून द्यायची वेळ आता आली आहे, कारण पोरांची येजा फार वाढली. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत. पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे. ब्रेमेन हे कुणा बिल्डरचं आडनाव असावं, अशा समजुतीने लोक तिथल्या सिग्नलला शांतपणे उभे असतात. चाकणला जर्मन मोटारी तयार होतात. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा 49 हजारांच्या वर गेला आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपला पहिला नंबर लागला. त्यात पुण्या-नाशकाची पोरं आली आणि पोरांच्या मागोमाग उन्हाळ्यात भाजणी, गोडा मसाला आणि गुडघ्याचं तेल घेऊन त्यांचे आईवडीलही आले.

आपल्याकडे जर्मन शिकायचं ते मॅक्समुल्लर भवनात. त्या मॅक्स म्युलर यांनी ऋग्वेद संपादून सहा खंडांत छापला, सगळी हयात भारताच्या अभ्यासात घालवली आणि भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही. भारताशी त्यांचं शेवटपर्यंत उत्तम जमलं ते यामुळेच, असं आमचं नम्र मत आहे. बाकीच्यांना मात्र प्रत्यक्ष भेटावं लागतं.

भेटीची सुरुवात जेवणापासून होते आणि पहिला अपघातही तिथेच होतो. जर्मन मुलाला लहानपणी सांगतात की ताटातलं सगळं संपवलंस तर उद्या छान ऊन पडेल. ऊन ही तिकडे दुर्मीळ वस्तू, त्यामुळे मूल निमूटपणे संपवतं. आपल्याकडेही पानात टाकायचं नाही, हे शिकवूनच वाढवतात. इथपर्यंत दोन्ही आया एकाच शाळेतल्या. पण आपल्याकडे यजमानीण बाईंचा एक स्वतंत्र नियम आहे: पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये. म्हणजे पान रिकामं करणं हे पाहुण्याचं कर्तव्य आणि ते रिकामं न होऊ देणं हे यजमानाचं. या दोन कर्तव्यांच्या मध्ये थांबा कुठेच नाही.

आमच्या आत्याकडे, कोथरूडला, तिच्या जावयाचे जर्मन साहेब जेवायला आले होते. आधी जावई, त्यात त्यांचे साहेब. पुरणपोळ्यांचा बेत सकाळी सहापासून सुरू होता. साहेबांनी पहिली पोळी खाल्ली, मान डोलावली आणि ताट स्वच्छ केलं. आत्याने दुसरी वाढली. यजमानांचा मान राखावा म्हणून साहेबांनी तीही संपवली. माणसाला आवडतंय हे दिसल्यावर आत्याने तिसरी वाढली आणि वर तुपाची धार धरली. चौथ्या पोळीला साहेबांनी टायची गाठ सैल केली. जावई म्हणाले, "आई, पुरे आता." आत्या म्हणाली, "तुम्ही नका मध्ये पडू. बघा तरी, किती आवडीने खातायत!" पाचव्या पोळीचा शेवटचा तुकडा साहेबांनी डोळे मिटून गिळला. डोळे उघडले तेव्हा आत्या सहावी घेऊन उभी होती आणि जावयाने ताट ओढून घेतलेलं होतं.

आत्याने सोसायटीत सांगितलं, "एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही. पाच पोळ्या खाल्ल्या." साहेबांनी दुसऱ्या दिवशी जावयाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सासूबाईंचा माझ्यावर काही राग आहे का?"

मराठी पाहुण्याला अशा प्रसंगाची तालीम जन्मापासून असते. थांबायचं असेल तर शेवटचा घास पानात राखून ठेवायचा, पानावर हात आडवा धरायचा, वेळ आली तर अख्खं ओणवं व्हायचं, तोंडाने "नको, नको, अहो खरंच नको" चालू ठेवायचं आणि अखेर अर्धी पोळी घ्यायची. पाहुणा पूर्ण जिंकला तर यजमानाला वाईट वाटतं आणि यजमान पूर्ण जिंकला तर पाहुण्याला रात्री सोडा घ्यावा लागतो. म्हणून आपल्याकडे सामना अर्ध्या पोळीवर बरोबरीत सोडवतात. हे सगळं जर्मन माणसाला शिकवणार कोण? त्याच्या देशात "नको" एकदाच म्हणतात आणि तेवढ्यावर पातेलं आत जातं.

पातेलं आत गेल्यावर काय होतं ते आमच्या भाच्याला विचारा. तिकडे शिकायला गेला आणि प्राध्यापकांनी त्याला संध्याकाळी घरी बोलावलं. पोरगा शाकाहारी, म्हणून बाईंनी मुद्दाम बटाट्याचं सॅलड, चार प्रकारचं चीज आणि गव्हाचा काळसर पाव मांडला होता. पहिली वाढ झाली. बाईंनी विचारलं, "आणखी घेणार?" भाच्याच्या पोटात तेव्हा कावळे कोकलत होते, पण संस्कार आड आले. तो "नको, पोट भरलं" म्हणाला आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत हसतमुखाने बसून राहिला. दुसरा आग्रह आला नाही. वाडगा उचलला गेला, त्यावर झाकण बसलं, फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला. घरी आल्यावर त्याने रात्री साडेदहाला मॅगी केली आणि आईला फोन लावला, "माणसं चांगली आहेत गं, पण हात जरा आखडताच आहे." तिकडे बाई नवऱ्याला सांगत असणार की मुलगा गुणी आहे, पण खातो मात्र अगदीच बेताचं.

यात चुकलं कोण? आत्याला पाहुणा उपाशी राहू द्यायचा नव्हता. साहेबांना अन्नाचा मान राखायचा होता. बाईंच्या लेखी नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नसल्याचं दाखवणं. भाचा तर भिडेपोटी उपाशी राहिला. चौघांपैकी एक जरी थोडा असभ्य असता तरी सगळे वेळेत आणि पोटभर जेवले असते.

जेवणाच्या टेबलावर निदान पोटाचंच काय ते होतं. कारखान्यात कोट्यवधींचा माल अडकतो. जर्मन साहेबाची रीत अशी की चूक दिसली की दहा जणांसमोर तोंडावर "हे चुकलं आहे" म्हणायचं आणि अर्ध्या तासाने त्याच माणसाबरोबर कॉफी घ्यायला जायचं. त्याने कामाला नावं ठेवलेली असतात, माणसाला नव्हे. आपला माणूस मात्र दहा जणांसमोर बोलणं खाल्ल्यावर कॉफी काय, आठवडाभर पाणीही घेत नाही. उलट, साहेबाने विचारावं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की शुक्रवार सोडाच, रविवारीही व्हायचं नाही. पण मोठ्या माणसाने चारचौघांत विचारलेलं, तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून आपला सुपरवायझर मान हलवतो. ती मान वरून खाली जात नाही, डावीकडून उजवीकडेही नीट जात नाही. मधल्या मधे एक तिरकी लाट येते. साहेब वहीत "होकार" लिहितात. सुपरवायझर मात्र, आपण अत्यंत स्पष्ट शब्दांत नकार कळवला, अशा समाधानाने बाहेर पडतो.

चाकणच्या एका कारखान्यात यावर जालीम इलाज होता. तो म्हणजे तिथली दुभाषी मुलगी. साहेब म्हणायचे, "हे काम चुकीचं आहे. पुन्हा करा. दुसऱ्यांदा असं होता कामा नये." ती मराठीत सांगायची, "साहेब म्हणतायत, तुमची मेहनत दिसतेय, फक्त दोन ठिकाणी अजून हात फिरवा." सुपरवायझर म्हणायचा, "बघतो ना मॅडम, करू की, तसं माणसं कमी आहेत, त्यात परवा गावाला जत्रा आहे." ती जर्मनमध्ये सांगायची, "शुक्रवारी होणार नाही. मंगळवारी होईल." साहेब खूश, मराठी लोकांइतकं नेमकं बोलणारं कुणी पाहिलं नाही म्हणायचे. सुपरवायझरही खूश, गोरा असून किती गोड बोलतो म्हणायचा.

मग बहिणीच्या लग्नाला तिने आठवडाभर रजा काढली. बदली आलेला मुलगा प्रामाणिक होता. कुणी जे बोलेल ते तो शब्दन् शब्द सांगायचा. बुधवारपर्यंत कारखान्यात सन्नाटा. साहेब एकाएकी फिरले, असं खालचे म्हणू लागले आणि इथल्या माणसांना अचानक झालं तरी काय, असा साहेबांना प्रश्न पडला. वरच्या ऑफिसातून विचारणा झाली की भांडण कुणाचं झालं. कुणाचंच झालं नव्हतं. भाषांतर तेवढं अचूक झालं होतं.

कारखान्याला दुभाषी परवडते, घरी कोण ठेवणार? आमच्या ओळखीचं एक जोडपं श्टुटगार्टला राहतं. त्यांच्याकडे मुलाचे आईवडील तीन महिन्यांसाठी गेले. दुसऱ्याच सोमवारी लेटरबॉक्समध्ये खालच्या मजल्यावरच्या बाईंची चिठ्ठी: काल रविवारी दुपारी दोनच्या सुमारास आपल्या घरातून काही वेळ ठोकल्याचा आवाज येत होता, रविवार हा शांततेचा दिवस आहे, कृपया लक्ष असावं, आपली स्नेहांकित. आवाज आजींच्या खलबत्त्याचा होता. चहाला आलं कुटलं जात होतं.

जर्मनीत रविवार म्हणजे खरोखर रविवार असतो. दुकानं बंद, भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या कुंडीत टाकायच्या त्याही त्या दिवशी नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. रोज दुपारी एक ते तीन हीसुद्धा पारंपरिक विश्रांतीची वेळ. कचऱ्याला वेगवेगळ्या रंगांचे डबे. त्यातून श्टुटगार्टच्या स्वाबियन मुलखात 'केऽरवोखऽ' आहे: जिना आणि अंगण झाडण्याची आठवड्याची पाळी. पाळी आली की दाराच्या मुठीला छोटी पाटी लटकते आणि काम झालं की ती शेजारच्या दाराला जाते. या प्रथेचं मूळ थेट 1492 सालच्या नगर-नियमांपर्यंत नेतात. प्रत्येकाने आपली घाण आठवड्याला बाहेर नेलीच पाहिजे, असा तो नियम होता. त्याच वर्षी कोलंबस भारत शोधायला निघाला होता. कुणाला कशाची निकड वाटेल सांगता येत नाही.

चिठ्ठीने घरात सुतकी कळा आली. "चार वर्षं जिन्यात रोज हसतात आणि आता चिठ्ठी टाकतात!" मुलगा म्हणाला. सुनेने शिरा करून नेऊन देण्याचं ठरवलं. आजींनी खलबत्ता कपाटात ठेवला तो परत निघण्याच्या दिवसापर्यंत बाहेर काढायचा नाही, असं ठरवून. आजोबांनी मात्र चष्मा पुसून चिठ्ठी उलटसुलट पाहिली, मुलाकडून एकेका ओळीचा अर्थ समजून घेतला आणि म्हणाले, "शहाणी बाई दिसते. तारीख घातलीय, वेळ घातलीय, खाली सही आहे. यात रागवण्यासारखं काय आहे?"

आजोबा सदाशिव पेठेत वाढलेले. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, वाजवल्यास दार उघडलं जाणार नाही, अशी पाटी त्यांच्या दारावर त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. चिठ्ठी म्हणजे शत्रुत्व, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पुण्यात चिठ्ठी आणि पाटी हीच शेजारधर्माची भाषा. ज्याच्याशी खरोखर वैर असतं त्याच्याशी पुणेकर बोलतो, आणि तेही खूप. आजोबांनी इमारतीची छापील नियमावली मागवली, मुलाकडून तिचं मराठी वहीत उतरवून घेतलं आणि रोज सकाळी अंगणात फेरी सुरू केली. आठवडाभरातच त्यांना वरच्या मजल्यावरचा तरुण कागदाच्या डब्यात प्लास्टिक टाकताना दिसला. आजोबांनी त्या खालच्या बाईंना खुणेने बोलावलं, डब्याचं झाकण उचललं आणि बोट दाखवलं. बाईंनी आत पाहिलं. मग त्यांनी आजोबांकडे पाहिलं. दोघांना एकमेकांच्या भाषेतला शब्द येत नव्हता, पण त्या क्षणी दोघांच्या चेहऱ्यावर एकच वाक्य होतं: आजकालची पिढी! दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः केलेला सफरचंदाचा केक वर आणून दिला.

याच घरी नंतर सुनेचे वडील राहायला गेले, कोल्हापूरहून. नियमावली त्यांनीही ऐकली आणि "एवढी माणसं एका जिन्यात आणि कुणी कुणाकडं जेवत नाही?" म्हणून हळहळले. मग प्रत्येक दार वाजवून त्यांनी रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं आमंत्रण दिलं. लोक अतिशय आनंदले. आत जाऊन डायऱ्या घेऊन आले आणि पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला नक्की जमेल, असं म्हणाले. काकांचं परतीचं विमान दहा तारखेचं होतं. तेव्हा श्टुटगार्ट आणि सदाशिव पेठ यांच्यातलं अंतर विमानाने मोजू नये. काही बाबतीत ते कोल्हापूर आणि सदाशिव पेठ यांच्यातल्या अंतरापेक्षा कमीच भरतं.

जवळीक साधायची तर त्यांच्या-आपल्या सद्गुणांत शोधू नये, असाही आमचा अनुभव आहे. सद्गुण हे ज्याचे त्याचे असतात. खोडी मात्र साऱ्या जगाच्या सारख्या. नव्या मशीनपुढे नारळ फोडताना गालातल्या गालात हसणाऱ्या जर्मन इंजिनियरला त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊन बघा. चेहरा पांढराफटक पडतो, कारण आधी शुभेच्छा देणं त्यांच्याकडे अशुभ मानतात. अमावास्येला नवी खरेदी न करणारी आपली आजी हे ऐकून म्हणते, "बरोबरच आहे त्यांचं."

नाहीतर रेल्वेचा विषय काढा. जर्मन म्हणजे वक्तशीर, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की त्यांच्या गाड्यांचे आकडे ऐकून मुंबईकराच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतात. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीरच धरत नाहीत! एरवी फलाटावर अनोळखी माणसाशी न बोलणारा जर्मन, पाटीवर उशिराची मिनिटं वाढू लागली की शेजाऱ्याकडे वळून सुस्कारा टाकतो. त्या सुस्काऱ्याला ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा माणूस लगेच दाद देतो आणि पुढची चाळीस मिनिटं दोघांचं छान जमतं.

पण फलाटावरची मैत्री गाडी आली की संपते. रोजच्या व्यवहाराला पाटीच हवी. संस्कृती म्हणून आपण जे मिरवतो त्यातले निम्मे नियम आपण कुणाला सांगितलेलेच नसतात. ते मनात ठेवायचे आणि पाहुण्याने मोडले की दुखावून घ्यायचं, याला आपण संस्कार म्हणतो. पुणेरी पाटीला जग हसतं, पण तिने दार उघडलं जाणार की नाही याबद्दल कुणाचा कधी गैरसमज होऊ दिलेला नाही. अट एवढीच की पाटी दोन्ही बाजूंना वाचता आली पाहिजे.

ही अट आमच्या आत्याच्या जावयाच्या लक्षात आली नाही. साहेब पुन्हा जेवायला येणार म्हटल्यावर त्यांनी साहेबांना गुपचूप पढवून ठेवलं की थांबायचं असेल तेव्हा थोडं पानात ठेवा. साहेबांनी दुसऱ्या पोळीचा पाव तुकडा काटकोनात राखून ठेवला आणि हात जोडले. आत्या आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. "पुरण बिघडलं असणार. मागच्या वेळी पाच खाल्ल्या होत्या हो त्यांनी."

तेव्हा जावयाने रीतसर पाटी तयार केली, मराठीत आणि जर्मनमध्ये. (1) या घरात रिकामं पान ही मागणी समजली जाते. (2) वाढप थांबवायचं असल्यास पानात थोडं शिल्लक ठेवून हात आडवा धरावा. (3) पान शिल्लक राहिल्यास यजमानीण बाईंनी वाईट वाटून घेऊ नये. एक प्रत फ्रिजवर चिकटवली, एक साहेबांना मेल केली.

साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. मसुदा उत्तम आहे, म्हणाले. फक्त कलम तीनवर सासूबाईंची सही घेतली आहे का?

आत्याची सही अजून व्हायची आहे.